आधी झुडूप ओळखा, मग पानावरचा ठिपका

जुनं घर विकत घेतलं, सोसायटीच्या बागेची जबाबदारी अंगावर आली किंवा गावाकडचं परसू ताब्यात आलं, की त्यासोबत पंधरा-वीस वर्षांची झुडपंही येतात. ती कुणी लावली, कुठून आणली, हे सांगणारं कुणी नसतं. पावसाळ्यात पानांवर ठिपके पडतात. मग कृषी सेवा केंद्रात जाऊन ‘ठिपक्यांवर काहीतरी द्या’ म्हटलं, की एक बुरशीनाशक, एक कीटकनाशक आणि एक टॉनिक पिशवीत पडतं. झुडूप कोणतं, हे ना घेणारा सांगतो ना देणारा विचारतो.

घोळ तिथेच होतो. मोगऱ्यावरचा तांबूस ठिपका बहुधा बुरशीचा करपा असतो. एक्झोराच्या जुन्या पानांवर तसाच दिसणारा ठिपका पोटॅश कमी पडल्याने येतो. कागदी लिंबावर तो जिवाणूंमुळे होणारा खैऱ्या असतो आणि कोकणातल्या दमट बागेत कामिनीच्या पानावर ते चक्क शेवाळ असू शकतं. चारही ठिकाणी उपाय वेगळा आहे. म्हणून ठिपक्याआधी झुडूप ओळखायचं.

फुलाची वाट न बघता ओळख

वर्षानुवर्षं कात्री चाललेल्या कुंपणाला फुलं येतच नाहीत, त्यामुळे पान, चीक आणि पेर यांवरच भिस्त ठेवावी लागते. सतत छाटलेल्या फांदीवरची पानं नेहमीपेक्षा बारीक असतात. तेव्हा एक फांदी बाहेरची घ्या आणि एक आतली, जिथे कात्री पोचलेली नाही. बुडातून सरळ वर आलेला जोमदार फुटवा ओळखीसाठी वापरू नका, त्याची पानं फसवी असतात. गुलाब आणि लिंबाच्या बाबतीत तर तो कलमाच्या सांध्याखालून आलेला, म्हणजे मुळात वेगळ्याच झाडाचा असू शकतो. जुन्या गुलाबाला वर्षभर फूल नाही, फांद्या लांबच लांब आणि पानंही वेगळी, अशी तक्रार असेल तर कलम मरून खालच्या खुंटाने जागा बळकावली आहे का ते आधी पाहा. तसं असेल तर त्यावर कितीही फवारा, तुमचा गुलाब परत येणार नाही.

पहिली गोष्ट पाहायची ती पानांची मांडणी. एका पेरावर दोन पानं समोरासमोर आहेत, तीन पानं गोलाकार आहेत, की एकाआड एक? एकदा पाहून समाधान मानू नका, तीन-चार पेरं तपासा. त्यानंतर पान देठापाशी तोडा आणि पाच सेकंद थांबा. पांढरा चीक येतो का ते बघा. मग पान चुरगळून वास घ्या आणि शेवटी उजेडाकडे धरून पारदर्शक बारीक ठिपके दिसतात का ते पाहा. एवढ्यात आपल्याकडची बहुतेक जुनी झुडपं ओळखता येतात.

सगळ्यात जास्त गल्लत तगर आणि अनंत यांच्यात होते. दोन्हींची पानं गर्द हिरवी, चकचकीत, समोरासमोर, फुलं पांढरी, आणि दोघांच्याही दुहेरी फुलांच्या जाती बागांतून आहेत. पान तोडलं आणि पांढरा चीक आला की ती तगर, कित्येक रोपवाटिकांत हिलाच चांदणी म्हणतात. तगरीच्या पानांची जोडी नीट पाहिली तर बऱ्याचदा एक पान मोठं आणि समोरचं लहान असतं. अनंताला चीक नसतो. त्याच्या दोन देठांच्या मध्ये खोडाला चिकटून एक पातळ, पापुद्र्यासारखं उपपर्ण असतं. ते नखाने हलकेच उचलता येतं. अनंताला काही फांद्यांवर तीन-तीन पानंही येतात, त्याने गोंधळू नका. हा फरक कळणं का महत्त्वाचं? तगर कसल्याही जमिनीत तग धरते, अनंताला मात्र आम्लधर्मी माती लागते. दख्खनच्या चुनखडीच्या काळ्या मातीत अनंत पिवळा पडतो तो रोगाने नव्हे, लोह न मिळाल्याने.

असंच उपपर्ण एक्झोरालाही असतं, दोन पानांच्या मध्ये छोट्या काट्यासारखं टोकदार. पान जाडसर, चामड्यासारखं, देठ जवळजवळ नाहीच. मुसांडा आणि हॅमेलिया त्याच कुळातले, त्यांनाही ही खूण लागू पडते.

कण्हेर आणि बिट्टी यांतही लोक चुकतात. कण्हेरीची पानं एका पेरावर तीन असतात, लांबट आणि कडक, मधली शीर जाड, आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंना अगदी जवळजवळ समांतर शिरा निघतात. बिट्टीची पानं अरुंद, एकाआड एक, खोडाभोवती फिरत गेलेली, आणि चीक दुधासारखा भरपूर. दोन्ही विषारी आहेत. छाटलेल्या फांद्या शेळ्या-गुरांपुढे पडू देऊ नका, शेकोटीत जाळू नका, कारण धूरही घातक असतो. चिकाचा हात डोळ्याला लागू देऊ नका. क्रोटनचा चीकही काहींच्या त्वचेला चांगलाच झोंबतो. छाटणीला हातमोजे घालणं हा नुसता सोपस्कार नाही, गरज आहे.

कामिनी आणि कढीपत्ता हे सख्खे भाऊ. दोघांच्याही पानात उजेडाकडे धरल्यावर तेलाचे बारीक ठिपके दिसतात. कामिनीच्या एका पानात बहुधा 3 ते 9 चकचकीत पर्णिका (एकाच देठावरची छोटी पानं), कढीपत्त्यात 11 ते 21 आणि वास तर कुणीही ओळखेल. लिंबात एकच पर्णिका, देठावर बारीक पंख आणि बेचक्यात काटा.

जास्वंदीचं पान एकाआड एक, बुडाशी तीन ठळक शिरा, खालची कड सरळ आणि वरच्या भागात दाते. चुरगळलं की बोटांना बुळबुळीत लागतं, फांदी मोडली की साल दोरीसारखी सोलून येते. पारिजातकाचं पान खरखरीत आणि कोवळी फांदी चौकोनी. दुरांता आणि घाणेरी यांची फांदीही चौकोनी, पण घाणेरीचं पान चुरगळल्यावर उग्र वास येतो आणि फांदीवर बारीक काटेही असतात. मेंदीची पानं लहान, समोरासमोर, आणि जुन्या फांद्यांची टोकं काट्यात संपतात. रातराणीची पानं लांबट, पातळ आणि एकाआड एक. मोगऱ्याचं पान साधं, जाई-चमेलीचं संयुक्त, म्हणजे अनेक पर्णिकांचं. बोगनवेलीचा काटा पानाच्या बेचक्यातून निघतो, त्यामुळे ती पानाशिवायही ओळखू येते.

ठिपका वाचताना

दहा रुपयांच्या नाण्याएवढं छोटं दहापट भिंग बागेच्या पिशवीत असू द्या. पान पुढून पाहा, उलटून पाहा, उजेडाकडे धरून पाहा. निम्मी उत्तरं पानाच्या पाठीवर असतात. पांढऱ्या चाफ्याचं उदाहरण घ्या. वरून नुसते पिवळे डाग दिसतात, पान उलटलं की नारिंगी भुकटीचे फोड दिसतात आणि ती बोटाला लागते. तो तांबेरा. वरून पाहून कुणी त्याला खताची कमतरता ठरवलं तर नवल नाही.

बुरशीचा ठिपका साधारण गोल असतो. मध्यभाग राखाडी किंवा फिकट तपकिरी, कड गडद, कधी एकात एक वर्तुळं. जुन्या ठिपक्याच्या मध्यभागी भिंगातून मिरीच्या पुडीसारखे काळे कण दिसले तर बुरशीची जवळजवळ खात्री. जिवाणूचा ठिपका सुरुवातीला तेल सांडल्यासारखा ओलसर, उजेडात अर्धपारदर्शक दिसतो आणि शिरांनी अडवल्यामुळे कोनदार होतो, भोवती पिवळं वलय असतं. जास्वंदीवर दोन्ही प्रकार येतात, त्यामुळे तिथे आकार नीट पाहावाच लागतो.

खात्री हवी असेल तर ठिपक्यांची दोन-तीन पानं साध्या पाण्याने धुवा, ओला टिशू पेपर अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात झाकून सावलीत एक-दोन दिवस ठेवा. ठिपक्याच्या जागीच बारीक लव उगवली तर बुरशी. सगळ्या पानभर पांढरा बुरा आला तर त्यावरून काही ठरवू नका, ती मेलेल्या पानावर जगणारी कुठलीही बुरशी असते.

आता जे रोग नाहीत ते. काळी काजळी ओल्या फडक्याने पुसली की निघते. ती मावा, खवले कीड, पांढरी माशी किंवा पिठ्या ढेकूण यांनी सोडलेल्या गोड चिकट्यावर वाढते. तिच्यावर बुरशीनाशक मारण्यात अर्थ नाही, कीड शोधा. ती बहुधा काळ्या पानाच्या वरच्या फांदीवर असते. मार्च ते मे या काळात पानावर टाचणीच्या टोकाएवढे असंख्य फिकट बिंदू दिसले तर लाल कोळी. फांदीखाली पांढरा कागद धरून फांदी आपटा, बिंदू चालायला लागले की शंका मिटली. दोन-तीन दिवसांआड पानांच्या पाठीवर पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी कोळी बराच आटोक्यात येतो. पानाच्या फक्त कडा आणि टोकं करपली असतील तर बोअरवेलचं खारट पाणी किंवा जास्त झालेलं खत. फक्त उन्हाकडच्या पानांवर पांढुरके, मग तपकिरी चट्टे आले आणि ते वाढत नसतील तर उन्हाचा चटका. जोरदार छाटणीनंतर आतली कोवळी पानं एकदम उघडी पडली की हे हमखास होतं. तगर आणि कण्हेरीला भोकं दिसत असतील तर ठिपक्यांचा विचार सोडा आणि फांदीखाली सुरवंटाची विष्ठा शोधा. मानेजवळ दोन निळे डोळे असलेली जाड हिरवी अळी सापडेल, ती हाताने उचलली की काम झालं.

शेवाळाचा ठिपका कोकण-गोव्यातल्या बागेत कामिनी, अनंत, चिकू यांच्या जुन्या पानांवर येतो. तो पानापेक्षा किंचित उंच असतो, हिरवट-नारिंगी आणि मखमली. नखाने खरवडला की निघतो, खाली फिकट डाग राहतो. झाड दाटीत, सावलीत आणि सतत ओलं आहे हे तो सांगतो. फांद्या विरळ करून वारा खेळता केला आणि तांब्याचा एखादा फवारा दिला की पुरे.

एक्झोराबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण सोसायट्यांच्या बागांत सर्वात जास्त बुरशीनाशक याच झुडपावर वाया जातं. ठिपके फक्त सर्वात जुन्या, खालच्या पानांवर आहेत, जांभळट-तपकिरी आणि स्पष्ट कडेचे आहेत, आणि नवी पानं स्वच्छ आहेत, तर तो पोटॅशचा अभाव. झाड जुन्या पानांतलं पोटॅश काढून नव्या पानांना देतं, म्हणून खालची पानं आधी डागाळतात. सल्फेट ऑफ पोटॅश (0:0:50) मोठ्या झुडपाला 25 ग्रॅम, खोडापाशी नव्हे तर फांद्यांच्या घेराखाली पसरून मातीत मिसळा आणि पाणी द्या. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा. डागाळलेली पानं हिरवी होणार नाहीत, सुधारणा नव्या पानांत मोजायची. पोटॅशसाठी लाकडाची राख घालायचा मोह होतो, पण राख अल्कधर्मी आहे. एक्झोरा आणि अनंताला ती घातली की लोहाची कमतरता वाढते आणि एका दुखण्याची दोन होतात.

लोहाची कमतरता नेमकी उलट, नव्या पानांवर दिसते. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. चुनखडीच्या मातीत हिराकस (फेरस सल्फेट) नुसता आळ्यात टाकला तर लवकरच निरुपयोगी होतो. फवारणी करा: 1 लिटर पाण्यात 3 ग्रॅम हिराकस आणि 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, संध्याकाळी, पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा. फरशीवर, भिंतीवर उडालं तर गंजाचे डाग पडतात, ते निघत नाहीत. मातीतून द्यायचं असेल तर ‘ईडीडीएचए’ प्रकारचं चिलेटेड लोह घ्या. स्वस्त ‘ईडीटीए’ प्रकार अल्कधर्मी मातीत टिकत नाही. पाकिटावर हे लिहिलेलं असतं, वाचून घ्या.

खरा रोग असेल तर

पहिला उपाय फवारणी नाही. बुरशीचा बीजाणू पानावर पडला तरी पान ठरावीक वेळ सलग ओलं राहिल्याशिवाय तो आत शिरत नाही. गुलाबाच्या काळ्या ठिपक्याला साधारण सात तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहाला पाइपने पानं भिजवली तर त्या बुरशीला रात्रभर आयती सोय. तेच पाणी सकाळी सातला आळ्यात दिलं तर तिला संधीच नाही. सोसायटीतले रात्री चालणारे स्प्रिंकलर ही ठिपक्यांची सर्वात मोठी शेती आहे.

दुसरं, खाली पडलेला पाला. पुढच्या लागणीचे बीजाणू त्याच पाल्यात असतात. आठवड्यातून एकदा तो गोळा करा आणि पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. घरच्या साध्या कंपोस्टच्या खड्ड्यात तो टाकू नका, तिथे बीजाणू मरण्याइतकी उष्णता बहुधा होत नाही. मग उघड्या मातीवर दोन इंच वाळलेल्या पानांचं किंवा भुशाचं आच्छादन घाला, म्हणजे पावसाचे थेंब आपटून मातीतले बीजाणू खालच्या पानांवर उडत नाहीत.

तिसरं, विरळणी. बाहेरून कात्री चालवून गोल गरगरीत केलेल्या झुडपाच्या आत वारा पोचत नाही. आतल्या वाळक्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि जमिनीला टेकलेल्या फांद्या बुडापासून काढा, एका हंगामात एकूण फांद्यांच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. मोठी छाटणी भर पावसात करू नका, ओल्या कापातून फांदी खाली वाळत जाते. गुलाब ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबल्यावर, मोगरा डिसेंबर-जानेवारीत, अनंत बहर संपल्यावर. एका झुडपावरून दुसऱ्याकडे जाताना कात्री स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. खैऱ्या असलेल्या लिंबाला ही कात्री सर्वात शेवटी लावा.

एवढं करून नवीन पानांवर ठिपके येत आहेत का ते पाहा. एका फांदीला दोरा बांधा, फोटो काढा, आठ-दहा दिवसांनी त्याच फांदीचा पुन्हा काढा. जुन्या, मुरलेल्या झुडपाची पाव पानं डागाळली तरी त्याचं फारसं बिघडत नाही. फवारा तेव्हाच घ्यावा जेव्हा नवी फूट डागाळते, पानं गळून फांद्या उघड्या पडतात, किंवा मोगऱ्यासारखे शेंडे वाळायला लागतात.

बाजारातल्यांपैकी मॅन्कोझेब 75 टक्के भुकटी लिटरला 2 ग्रॅम, कॉपर ऑक्सिक्लोराइड 50 टक्के लिटरला 2.5 ग्रॅम. ही दोन्ही पानावर थर करून राखण करतात, झालेला ठिपका पुसत नाहीत. कार्बेन्डाझिम 50 टक्के लिटरला 1 ग्रॅम आत शिरतं, पण तेच ते सलग वापरलं की बुरशी त्याला दाद देईनाशी होते, आणि जिवाणूवर तर ते काहीच करत नाही. दोन फवाऱ्यांत 12 ते 15 दिवस. सहा फुटी झुडपाला लिटर-दीड लिटर द्रावण लागतं, पानांच्या पाठीसकट. मोजायला चमचा नको, शंभर ग्रॅमच्या आतलं वजन दाखवणारा छोटा काटा घ्या, कारण वेगवेगळ्या भुकट्या चमच्यात वेगवेगळ्या वजनाच्या बसतात. पावसाळ्यात चिकटद्रव्य मिसळा, पान कोरडं असताना फवारा, आणि पुढचे काही तास उघडीप मिळेल असा दिवस निवडा. मास्क, हातमोजे, चष्मा घाला आणि उमललेल्या फुलांवर मारू नका, मधमाश्या येत असतात. कढीपत्त्यावर यातलं काहीही नको. तिथे डागाळलेल्या फांद्या छाटून टाका, नवी फूट लवकर येते.

निंबोळी तेल कीड आणि कोळ्यांसाठी चांगलं, ठिपक्यांवर त्याचा भरवसा धरू नका. खाण्याच्या सोड्याचा फवारा भुरीवर (पानावर पांढऱ्या पिठासारखी पसरणारी बुरशी) थोडाफार चालतो, पण वारंवार मारला तर त्यातलं सोडियम मातीत साठतं.

स्वतः करायचं असेल तर बोर्डो मिश्रण. फ्रान्समधल्या बोर्डो भागातल्या द्राक्षांसाठी वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी 1885 मध्ये ते पुढे आणलं आणि कोकणातले सुपारी-बागायतदार पावसाआधी कोळेरोगासाठी (सुपारीची फळं सडून गळण्याचा रोग) आजही ते मारतात. 10 लिटरसाठी 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि 100 ग्रॅम ताजा कळीचा चुना. कोवळी पालवी असेल तर दोन्ही निम्मे. मोरचूद रात्री फडक्यात बांधून 5 लिटर पाण्यात प्लॅस्टिकच्या बादलीत लोंबकळत ठेवा, सकाळपर्यंत विरघळतो. चुना दुसऱ्या बादलीत थोडंथोडं पाणी शिंपडत विरवा. तो उकळतो, तोंड जवळ नेऊ नका. मग 5 लिटर करून फडक्याने गाळा. चुन्याच्या पाण्यात मोरचुदाचं पाणी बारीक धारेने ओता आणि काठीने ढवळत राहा. उलट क्रमाने ओतलं तर साका खडबडीत होतो आणि पंपाची नोझल तुंबते. रंग आकाशासारखा निळा यायला हवा. आता लखलखीत घासलेला लोखंडी खिळा त्यात मिनिटभर बुडवा. तांबूस थर चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, पानं भाजतील. थर न चढेपर्यंत चुन्याची निवळी घाला. धातूचं भांडं वापरू नका आणि उरलेलं दुसऱ्या दिवसावर ठेवू नका. मॅन्कोझेब किंवा दुसरं कुठलंही औषध त्यात मिसळू नका. चुना जुना, हवेने पांढरी भुकटी झालेला असेल तर कितीही घाला, काम होत नाही. फसलेल्या बोर्डोचं हेच सर्वात सामान्य कारण.

एक फवारा मेअखेर, दुसरा पावसाच्या पहिल्या मोठ्या उघडिपीत. गुलाबावर मात्र तांब्याची औषधं सतत ढगाळ, ओल्या हवेत मारू नका, पानांवर जांभळट डाग पडतात आणि ते रोगाचेच समजून पुन्हा फवारलं जातं.

लिंबाच्या खैऱ्यासाठी खडबडीत, खपलीसारखे उठलेले ठिपके असलेल्या फांद्या कोरड्या हवेत छाटा, मग कॉपर ऑक्सिक्लोराइड. सोबत नागअळीकडे लक्ष द्या. कोवळ्या पानावरच्या तिच्या चंदेरी नागमोडी रेषांतूनच जिवाणूला वाट मिळते. दुकानातून अँटिबायोटिकची पुडी घरच्या झाडासाठी आणू नका.

हे सगळं करूनही नवी फूट मरत असेल तर नमुना घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा दापोली, राहुरी, अकोला, परभणी यांपैकी जवळच्या कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात विचारा. निम्मी हिरवी, निम्मी डागाळलेली पानं असलेली वीतभर फांदी घ्या, पूर्ण वाळलेली नको. ओल्या प्लॅस्टिकमध्ये ती वाटेतच सडते, म्हणून कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळा. सोबतच्या चिठ्ठीवर झुडपाचं नाव, ठिपके आधी खालच्या पानांवर आले की वरच्या, पाणी कधी आणि कसं देता, आणि गेल्या दोन महिन्यांत काय काय फवारलं ते तारखांसह लिहा.